करार सापडला, पण आज लागू काय आहे?

वाचकाचं पत्र: "एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी पहिली आणि एकटीच इन-हाउस वकील आहे. रुजू होऊन आठ महिने झाले. त्याआधी सगळी प्रॅक्टिस कोर्टातली. कंपनीचे करार किती, हे कुणालाच नक्की माहीत नाही. साडेतीनशे-चारशे असावेत. काही कपाटात, काही परचेसच्या लॅपटॉपवर, बरेचसे मेलमध्ये. गेल्या महिन्यात एक सेवा करार, वेळेत नोटीस गेली नाही म्हणून, आपोआप आणखी वर्षभरासाठी वाढला. ती सेवा आम्हाला नकोच होती. आता साहेब म्हणतात, सॉफ्टवेअर घ्या. घेऊ का? सुरुवात कुठून करू?"

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. त्यात भरायला तुमच्याकडे अजून काही तयार नाही. चारशे फायली या खोलीतून त्या खोलीत जातील, आणि ज्या कराराने तुम्हाला गेल्या महिन्यात गाठलं तसे आणखी दहा तिथेही निवांत पडून राहतील, कारण त्यांच्या नोटिशीची तारीख कुणी काढलेलीच नाही.

कोर्टातून आलेल्या वकिलाला फाइल लावायला शिकवायची गरज नसते. फरक इतकाच, की खटल्याची फाइल मागे काय घडलं ते सांगते, आणि कराराच्या फायलीला आज कोण कशाने बांधलेलं आहे ते सांगावं लागतं. "या पुरवठादाराला पुढच्या महिन्यापासून बंद करता येईल का?" असं कुणी दारात उभं राहून विचारलं, तर दहा मिनिटांत खात्रीचं उत्तर देता यायला हवं. खाली जे सुचवलं आहे ते सगळं त्या दहा मिनिटांसाठी.

कपाट नको, लेजर उघडा

बहुतेक जण कपाटापासून सुरुवात करतात. कपाटात जे आहे तेच कळतं. जे नाही ते कळत नाही, आणि धोका तिथेच असतो. अकाउंट्सकडून दोन याद्या मागा: गेल्या २४ महिन्यांत ज्यांना पैसे गेले ते सगळे, आणि ज्यांच्याकडून आले ते सगळे. रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावा. आता प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: याचा करार आहे का, आणि कुठे आहे? पैसे जात आहेत पण करार सापडत नाही, अशी नावं निघतीलच. ती वेगळ्या रंगात ठेवा.

लेजरमध्ये न दिसणारे करार वेगळे शोधावे लागतात, कारण त्यांत पैसा फिरत नाही: गोपनीयतेचे करार, हमीपत्रं, दुसऱ्यासाठी दिलेली जामीनकी, अमुक प्रदेशात दुसऱ्या कुणाला माल देणार नाही असं लिहून दिलेली पत्रं. यांतलं शेवटचं सगळ्यांत घातक. दोन ओळींचं पत्र असतं, सेल्सच्या कुणीतरी पाठवलेलं, आणि त्याला करार म्हणावं असं कुणाच्या मनातही आलेलं नसतं. सेल्स आणि परचेसच्या प्रमुखांना समोर बसवून तोंडी विचारा. मेल पाठवून विचारलंत तर "माझ्याकडे काही नाही" एवढं एका ओळीचं उत्तर येतं.

मग मेल सर्व्हर. "साइन्ड", "एक्झिक्युटेड", "काउंटरसाइन्ड", "अॅमेंडमेंट", "अॅडेंडम", "रिन्युअल" हे शब्द आणि सोबत जोडलेली पीडीएफ, असा शोध आयटीकडून करून घ्या. सोडून गेलेल्यांच्या मेलबॉक्स त्यात आल्याच पाहिजेत, आणि त्या किती दिवसांत पुसल्या जातात हे आजच विचारून घ्या. ई-सहीची सेवा कुणी वापरली असेल तर ते खातं कोणाच्या नावावर आहे तेही बघा. अनेकदा ते एखाद्या मॅनेजरच्या वैयक्तिक लॉगिनवर निघतं.

चारशे करार एका दमात वाचायला बसू नका; शंभराव्यापाशी तुम्ही थकाल, आणि नेमका एकशे एकावा महत्त्वाचा असेल. आधी मोठ्या रकमेचे, पुढच्या सहा महिन्यांत संपणारे किंवा आपोआप वाढणारे, आणि ज्यांत आपली जबाबदारी अमर्याद आहे किंवा लोकांची वैयक्तिक माहिती हाताळली जाते, ते घ्या. बाकीच्यांची नुसती नोंद करा, वाचन नंतर.

"सहीची प्रत" म्हणजे नेमकी कोणती

फोल्डरमध्ये "फायनल", "फायनल २" आणि "फायनल साइन्ड नवीन" अशा तीन फायली असतील, आणि तिन्हींत फरक असेल. प्रत हातात आली की पुढच्या गोष्टी त्याच बैठकीत बघा. दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत का. फक्त आपली सही असलेली प्रत समोरच्याकडे गेली आणि परत आलीच नाही, हा प्रकार फार आढळतो. पानं सलग आहेत का. दोन्ही बाजू छापलेल्या कागदाची एकच बाजू स्कॅन झाली की सम आकड्यांची सगळी पानं गायब होतात. परिशिष्टं जोडलेली आहेत का. सर्वांत जास्त हरवतं ते दरपत्रकाचं परिशिष्ट, कारण ते शेवटच्या दिवसापर्यंत एक्सेलमध्ये फिरत असतं आणि सहीच्या वेळी जोडायचं राहतं. आणि कोऱ्या जागा: "हा करार दिनांक ____ पासून अमलात येईल."

ही कोरी जागा किरकोळ वाटते. पण मुदतीच्या कलमात "अंमल तारखेपासून तीन वर्षे" असं असेल, तर करार संपतो कधी हे कुणालाच सांगता येणार नाही. "शेवटची सही झाली त्या तारखेपासून" असं असेल आणि सहीखाली तारीखच नसेल, तर तोच घोळ. अशा वेळी तारीख मागाहून भरू नका. ते कागदात फेरफार ठरू शकतं. समोरच्याला एक साधं पत्र पाठवा: "उभय पक्षांच्या समजुतीनुसार हा करार अमुक तारखेपासून अमलात आला", आणि त्यावर त्यांची सही घ्या. ते पत्र कराराशेजारी लावा.

पुढचे करार करताना एक सवय लावून घ्या. सहीला जाणारी पीडीएफ आणि शेवटचा मान्य मसुदा यांची वर्डमधल्या "कम्पेअर"ने तुलना केल्याशिवाय सही होऊ द्यायची नाही. समोरून आलेल्या फायलीतल्या रंगीत खुणांवर विश्वास ठेवू नका. ट्रॅक चेंजेस बंद करून केलेला बदल रंगात दिसत नाही, आणि तो दर वेळी लबाडीनेच केलेला असतो असंही नाही. कुणीतरी घाईत जुन्या मसुद्यावरच काम पुढे नेलेलं असतं.

कराराचं कुटुंब

करार एकटा नसतो. मूळ करार, त्याखालच्या वर्क ऑर्डरी, पुरवणी करार, मुदतवाढीची पत्रं, दरवाढ मान्य केल्याचे मेल, हे सगळं मिळून एक कुटुंब. म्हणून फोल्डर पक्षाच्या नावाने लावा. विभागाच्या नावाने लावलेत तर विभागांची नावं दर दोन वर्षांनी बदलतात. वर्षाच्या नावाने लावलेत तर २०१९ चा मूळ करार एका टोकाला आणि २०२४ ची पुरवणी दुसऱ्या टोकाला. पक्षाच्या फोल्डरात प्रत्येक कुटुंबाला एक फोल्डर, त्यात सहीच्या प्रती, नोटिसा व पत्रव्यवहार, आणि मसुदे असे तीन कप्पे. त्याहून खोल जाऊ नका.

कुटुंब क्रमाने लावलं की भोकं दिसू लागतात. पुरवणी क्रमांक १ आहे, ३ आहे, २ नाही. याचा अर्थ २ हरवली किंवा क्रमांक चुकला. दोन्हींत समोरच्याला विचारणं भाग आहे. विचारायला लाज वाटते खरी, पण "आमच्या नोंदी अद्ययावत करत आहोत, तुमच्याकडील सर्व सहीच्या प्रतींची यादी पाठवावी" या वाक्यात कमीपणा काही नाही. वाद सुरू झाल्यावर हेच विचारावं लागलं, तर मात्र आहे.

मग प्रत्येक मोठ्या कुटुंबासाठी एकत्रित वाचन-प्रत तयार करा: मूळ मजकुरात सगळ्या पुरवण्या बसवलेल्या, आणि बदललेल्या प्रत्येक कलमाशेजारी "पुरवणी ३, कलम २ नुसार" अशी टीप. दर पानाच्या माथ्यावर "फक्त सोयीसाठी, सही झालेला दस्त नव्हे" असं ठळक लिहा, नाहीतर वर्षभरात कुणीतरी हीच प्रत बँकेला पाठवेल. वाचन-प्रत करताना पुरवण्यांतले दोष बाहेर येतात. एक पुरवणी कलम ७.२ बदलते, पण आधीच्या पुरवणीने ७.२ काढूनच टाकलेलं असतं. किंवा मूळ कराराची मुदत संपलेली, पण त्याखालची वर्क ऑर्डर अजून चालू आहे. अशा वेळी वर्क ऑर्डर कशावर उभी आहे, हे मूळ करारातल्या "मुदतीनंतरही चालू राहणाऱ्या तरतुदी" या कलमावरून ठरतं. तिथे एकही शब्द नसेल तर नवा मूळ करार तातडीने करा.

दर वाढवायला मेलवर "ओके" म्हटलेलं असतं, आणि करारात "लेखी व दोन्ही पक्षांच्या सहीशिवाय कोणताही बदल ग्राह्य नाही" असं कलम असतं. तो मेल फेकून देऊ नका. पण त्यावर विसंबूनही राहू नका. नोंदीत "सहीविना बदल, नियमित करायचा" असा शेरा मारा आणि पुढच्या पुरवणीत तो उरकून घ्या.

नोटिशीची तारीख

तुमचा करार इथे निसटला, म्हणून जरा थांबून बघू. समजा करार ३१ मे २०२७ ला संपतो, आणि "तीन महिने आधी" नोटीस न दिल्यास आपोआप एक वर्ष वाढतो. तीन महिने मागे गेलं की २८ फेब्रुवारी, कारण फेब्रुवारीत ३१ तारीख नसते. त्याच करारात "९० दिवस आधी" असतं, तर ३१ मेच्या मागे मोजत गेल्यावर २ मार्च येते. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस असं धरून नोंदवहीत २ मार्च लिहिली, तर पहिल्या प्रकारात नोटीस दोन दिवस उशिरा पोचेल आणि वर्षभराचा भुर्दंड बसेल. म्हणून कराराचे शब्द जसेच्या तसे नोंदवा, महिने असतील तर एक्सेलचं ईडेट सूत्र वापरा, दिवस असतील तर साधी वजाबाकी.

एवढ्यावर भागत नाही. नोटिशीचं कलम उघडा. नोटीस "पाठवल्यावर" लागू की "मिळाल्यावर"? कुरियरने पाठवलेली पाचव्या कामकाजाच्या दिवशी मिळाली असं धरायचं असेल, तर तेवढे दिवस, मधल्या सुट्ट्या धरून, आणखी मागे. मेलने चालते का? बऱ्याच करारांत चालत नाही. पत्ता कोणता? समोरच्याने मध्यंतरी पत्ता बदलल्याचं पत्र दिलं असेल, तर ते त्या पत्रव्यवहाराच्या कप्प्यात असायला हवं. "किमान ९० पूर्ण दिवस" अशी भाषा असेल तर दोन्ही टोकांचे दिवस मोजू नका. एकूण, कागदावरच्या शेवटच्या तारखेपेक्षा तुमची अंतर्गत शेवटची तारीख किमान १५ दिवस आधीची ठेवा.

आणि नोटीस देण्याचा निर्णय तुमचा नसतो, तो ती सेवा वापरणाऱ्या विभागाचा असतो. त्यांना दुसरा पुरवठादार शोधायला, दर मागवायला वेळ लागतो. म्हणून पहिली आठवण अंतर्गत तारखेच्या ९० दिवस आधी, दुसरी ४५ दिवस, तिसरी १५ दिवस आधी. पहिल्या आठवणीत "करार संपत आहे" असं नुसतं लिहू नका, त्याकडे कुणी बघत नाही. लिहा: "अमुक तारखेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही तर हा करार आणखी एक वर्ष वाढेल आणि इतका खर्च तुमच्या बजेटवर पडेल." उत्तर लगेच येतं. आठवणी तुमच्या वैयक्तिक कॅलेंडरवर ठेवू नका. लीगलच्या सामाईक मेलबॉक्सवर ठेवा. माणूस गेला की त्याचं कॅलेंडरही जातं.

नोंदवही

एक एक्सेल पुरे. एका दस्ताला एक ओळ. रकाने: क्रमांक, आपल्या बाजूची कंपनी (समूहात तीन असतील तर नेमकी कोणती), समोरच्याचं पूर्ण कायदेशीर नाव, प्रकार, एका ओळीत विषय, मूळ दस्ताचा क्रमांक, सहीची तारीख, सुरुवात, शेवट, नूतनीकरण आपोआप की सहीने, नोटिशीची मुदत कराराच्या शब्दांत, अंतर्गत शेवटची तारीख, जबाबदार विभाग व पद, जबाबदारीची कमाल मर्यादा, मालकी बदलल्यास संमती लागते का, लागू कायदा, स्थिती, फायलीची लिंक. अठरा झाले. यापुढे रकाना वाढवायचा असेल तर त्या रकान्यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळणार हे आधी सांगता यायला हवं. साठ रकान्यांची नोंदवही कुणी भरत नाही, आणि अर्धवट भरलेली नोंदवही मुळीच नसलेल्या नोंदवहीपेक्षा वाईट, कारण लोक तिच्यावर विश्वास ठेवतात.

क्रमांकात अर्थ भरू नका. "परचेस-२२-०४१" सारखा क्रमांक विभाग बदलला की खोटा पडतो. ०४१२ पुरेसा आहे. तारखांची एक खोड माहीत असू द्या: संगणकाची सेटिंग अमेरिकी पद्धतीची असेल तर ०३/०४ ही ३ एप्रिल न राहता मुकाट्याने ४ मार्च होते, पण १५/०४ तशीच अक्षरं म्हणून पडून राहते. त्यामुळे अर्धा रकाना चुकीचा आणि अर्धा बिनकामाचा होतो. भरल्यावर नजर फिरवा. एक्सेल खरी तारीख उजवीकडे लावतं, अक्षरं डावीकडे. वर्ष-महिना-दिवस हा आयएसओ ८६०१ चा क्रम वापरलात की हा गोंधळ टळतो, आणि फायलींच्या नावातही तोच क्रम ठेवला की यादी आपोआप काळानुसार लागते: "२०२२-०७-०१_०४१२_पुरवणी-३_सहीची-प्रत". नाव आटोपशीर ठेवा. विंडोजमध्ये फोल्डरांसकट पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची मर्यादा अजूनही अनेक ठिकाणी आड येते, आणि लांब नावाची फाइल बॅकअपमध्ये कॉपीच होत नाही.

कागद, ई-सही आणि कोण काय पाहणार

कागदी मूळ प्रती ३०० डीपीआयला स्कॅन करा, मजकूर शोधता येईल असं ओसीआर करा, दीर्घकाळ टिकणाऱ्या पीडीएफ/ए प्रकारात ठेवा आणि पानं मोजा. मूळ प्रत बाहेर गेली तर तिच्या जागी कुणी, कधी, कशासाठी नेली याची चिठ्ठी.

ई-सहीच्या बाबतीत उलटं. तिथे मूळ म्हणजे ती डिजिटल फाइलच. ती छापून पुन्हा स्कॅन केली की आत बसवलेली सही नाहीशी होते. आकार कमी करायला "कॉम्प्रेस" केली, दोन पीडीएफ जोडल्या, तरी ती अवैध दाखवू लागते. फाइल आली तशी ठेवा, आणि सोबतचं पूर्ततेचं प्रमाणपत्र, म्हणजे कोणी कोणत्या मेलवरून किती वाजता सही केली त्याची नोंद, त्याच वेळी उतरवून घ्या. सेवेचं खातं बंद झालं की ते मागायला जागा उरत नाही.

वाचायची परवानगी उदारपणे द्या, बदलायची फक्त दोघांना. पण कायदेशीर सल्ल्याची टिपणं, "हे कलम आपल्यावर उलटू शकतं" असे मेल, कराराच्या फोल्डरात ठेवू नका. तो फोल्डर उद्या ऑडिटरला किंवा कंपनी विकत घेणाऱ्याला उघडून द्यावा लागतो. शिवाय इन-हाउस वकिलाच्या सल्ल्याला सगळीकडे गोपनीयतेचं कायदेशीर संरक्षण मिळतं असं नाही; अॅक्झो नोबेल कंपनीच्या प्रकरणात २०१० मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने युरोपीय आयोगाच्या स्पर्धा-कायद्याच्या तपासात ते नाकारलं. सल्ला वेगळ्या जागी, वेगळ्या परवानगीने.

किती वर्षं जपायचं? मोजणी सहीपासून नाही, करार संपल्यापासून. त्यात लागू कायद्यातली दाव्याची मुदत आणि कराच्या नोंदींची मुदत, यांतली जी मोठी ती. वादाची चाहूल लागली की त्या कुटुंबातलं काहीही पुसणं थांबवा, मसुदेसुद्धा.

आणि साहेबांना काय सांगायचं

सहा महिन्यांनी सॉफ्टवेअर बघू, असं सांगा. तोवर नोंदवही स्वच्छ झालेली असेल, आणि तुम्हाला काय हवं ते नेमकं सांगता येईल. बघायला बसाल तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न: सोडून जायचं ठरलं तर सगळ्या फायली आणि सगळे रकाने एकत्र बाहेर काढून मिळतील का, आणि कोणत्या रूपात? आपोआप तारखा काढून देणारं एआय दाखवतील, तेव्हा त्यांच्या नमुन्यावर भुलू नका. तुमचेच वीस करार द्या, ज्यांना पुरवण्या आहेत असे, आणि हाताने काढलेल्या तारखांशी ताडा. अशी साधनं मूळ कराराची शेवटची तारीख झोकात सांगतात आणि पुरवणीने ती बदललेली असते तिथे गडबडतात.

राहिला तुमचा वाढलेला करार. त्याचं पूर्ण कुटुंब आधी जमवा. नूतनीकरणाचं कलम एखाद्या पुरवणीने बदललेलं असू शकतं, किंवा वाढीसाठी समोरच्याने आधी नवे दर कळवायची अट असू शकते आणि ती पाळली गेली नसेल. कारण न देता करार संपवण्याचं वेगळं कलम आहे का बघा. अनेक करारांत ३० किंवा ६० दिवसांच्या नोटिशीवर मुदतीच्या मध्येही बाहेर पडता येतं. यांतलं काहीच नसेल तर सेवा कमी करून घेण्याची किंवा दुसऱ्या उपयोगाच्या सेवेत रक्कम वळवण्याची बोलणी करा. पुढच्या वर्षी तुम्ही नक्की जाणार हे त्यांना कळलं की समोरचाही ऐकतो. आणि पुढच्या वर्षाची नोटीस आजच द्यायला करार मना करत नसेल, तर आजच देऊन टाका. नसेल जमत, तर त्याची अंतर्गत शेवटची तारीख ही नोंदवहीतली पहिली ओळ.